कादंबरी तीच, वाचक निराळा
(शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुस्तक एकदा छापून झाले की त्यातील अक्षरे बदलत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी ज्या ओळी ज्या क्रमाने होत्या, त्या आजही त्याच क्रमाने असतात. तरीही आजीने वाचलेली कादंबरी आणि नातीने वाचलेली तीच कादंबरी यांत अंतर पडते. आजीच्या डोळ्यांत जेथे पाणी आले, तेथे नात गोंधळून थांबते. आणि आजी ज्या ओळीवरून सहज पुढे गेली, त्याच ओळीवर नात रागाने पुस्तक मिटते. हे अंतर केवळ वयाचे नसते. वाचणाऱ्याच्या मनात त्या कथेमागील काळ, घर, कायदा आणि रूढी यांचे जे ज्ञान असते किंवा नसते, त्या ज्ञानाचे ते अंतर असते.

हा विषय केवळ साहित्याच्या अभ्यासकांचा नाही. खेड्यापाड्यांत शाळा चालवणारा शिक्षक, वाचनालयाला अनुदान मिळवून देणारा पंचायत सदस्य आणि लोकांसाठी असलेला कायदा लोकांपर्यंत पोहोचवणारा अधिकारी, या तिघांनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ते कसे, हे एका प्रसिद्ध मराठी कादंबरीच्या उदाहरणावरून पाहता येईल.

यमूची कहाणी

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. याच पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. पत्राचे नाव करमणूक, आणि कथा मात्र वाचकाची झोप उडवणारी! पुण्याच्या एका ब्राह्मण कुटुंबातील यमू ही मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते. बालपण, भावाबरोबरचे खेळ, लहान वयात झालेले लग्न, सासरचा जाच, नंतर पतीबरोबर मुंबईस काढलेले सुखाचे थोडे दिवस, पतीचा मृत्यू, सासरी परतल्यावर बळजबरीने झालेले केशवपन आणि अखेर तिचा अंत, असा या कथेचा प्रवास आहे.

आजच्या शाळेतील एखाद्या मुलीच्या हाती ही कादंबरी दिली, तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ती घर सोडून का गेली नाही?” प्रश्न रास्त आहे. शिक्षकाने त्यावर “त्या काळी तसेच होते” एवढेच उत्तर दिले, तर मुलीचे समाधान होणार नाही. आणि होऊही नये. त्या प्रश्नाचे खरे उत्तर कादंबरीच्या पानांत अर्धेच आहे. उरलेले अर्धे त्या काळाच्या इतिहासात आहे. कारण हरिभाऊंना ते सांगण्याची गरजच नव्हती. त्यांचा वाचक त्याच घरांत राहत होता.

न सांगितलेले अर्धे

विधवेच्या पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा अधिनियम १८५६ साली झाला होता. म्हणजे यमूची कहाणी छापून येऊ लागली, तेव्हा त्या कायद्याला चौतीस वर्षे उलटून गेली होती. कायदा होता, परंतु त्याच कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येत असे. एकत्र कुटुंबातील पुनर्विवाह न केलेल्या विधवेलाही बहुधा अन्नवस्त्रापलीकडे काही मिळत नसे. हिंदू स्त्रियांच्या संपत्तीविषयक हक्काचा कायदा १९३७ साली आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ साली झाला. यमूच्या हाती पैसा नव्हता, नावावर घर नव्हते, आणि माहेरी परतावे तर तेथेही तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले जाई.

मग जावे कोठे? पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले ते १८८९ च्या मार्च महिन्यात, मुंबईत. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या तरुण विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला, तेव्हा त्यांना जातिबहिष्कार सोसावा लागला. कर्व्यांची विधवांसाठीची संस्था १८९६ साली निघाली. याचा अर्थ, यमू ज्या काळात जगली त्या काळात घराबाहेरचे दार नुकतेच किलकिले होत होते. ते दार कोठे आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होते, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्याला मागे वळून येण्याची सोय नव्हती. एवढे समजले की मुलीचा प्रश्न मिटत नाही, पण बदलतो. “ती का गेली नाही?” याऐवजी ती विचारू लागते, “तिला जायला जागा का नव्हती?” पहिल्या प्रश्नात दोष यमूवर येतो, दुसऱ्यात तो समाजावर येतो. ऐतिहासिक संदर्भाने वाचकाच्या दृष्टीत घडणारा पालट तो हाच.

शब्दांचीही अशीच गोष्ट आहे. ‘आलवण’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला बहुधा कळत नाही. केशवपन झालेल्या स्त्रीने नेसावयाचे ते तांबडे लुगडे. माजघर म्हणजे घरातील मधली खोली, एवढा अर्थ शब्दकोशात मिळतो. परंतु बाहेरची ओसरी पुरुषांची आणि आतले माजघर बायकांचे, आणि घरातील थोरामोठ्यांचे निर्णय बाहेर होऊन त्यांची झळ आत लागावयाची, हे शब्दकोश सांगत नाही. ते सांगण्यासाठी जुन्या वाड्यात वावरलेली एखादी आजी लागते, नाहीतर फळ्यावर खडूने काढलेला घराचा नकाशा.

हप्ते आणि खटले

कादंबरी पुस्तकरूपाने वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तिच्या पहिल्या वाचकांनी ती हप्त्याहप्त्याने वाचली; आणि ज्या काळात हे हप्ते येत होते, त्याच काळात इतर वृत्तपत्रांचे रकाने याच विषयाने भरलेले होते.

लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदावयास नकार दिला. पतीने १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण १८८७ साली, पतीकडे जावे अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम झाला. तुरुंगात जाऊ, पण नांदावयास जाणार नाही, असा रखमाबाईंचा निर्धार होता. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

१८९० साली बंगालमध्ये फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू झाला आणि देश हादरला. त्यानंतर संमतिवयाचे विधेयक आले. संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. त्याविषयी पुण्यात मोठा वाद झाला. परकीय सरकारने कायद्याने आमच्या समाजात हात घालू नये, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती; आगरकर आणि इतर सुधारक विधेयकाच्या बाजूने उभे होते.

या वादाच्या दिवसांत ‘करमणूक’ हाती घेणारा वाचक कथा आणि बातमी यांच्यामध्ये भिंत घालू शकत नव्हता. सकाळी सभेतील भाषणावर वाद घातलेला गृहस्थ सायंकाळी यमूचे प्रकरण वाचत होता. बारा की दहा, हा त्याच्यापुढे केवळ आकड्याचा प्रश्न उरत नव्हता. त्या आकड्याला आता एक नाव, एक आवाज आणि एक हट्टी, खेळकर बालपण मिळाले होते. सरकारी कागदात वय असते, तारीख असते, कलम असते. त्या वयाची मुलगी रात्री कशाने घाबरते, हे कादंबरीत असते. प्रशासनाला दोहोंची गरज आहे, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये.

ओसरीवरचा वाचक आणि शिवारातला वाचक

संदर्भ जसा कथेचे बळ दाखवतो, तशा तिच्या मर्यादाही दाखवतो. यमूच्या कथेतील दुःख हे प्रामुख्याने उच्चवर्णीय घरातील दुःख आहे. केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मण व तत्सम जातींत होती. महाराष्ट्रातील अनेक शेतकरी व कारागीर जातींत विधवेचा पाट लागत असे. म्होतूर हा शब्दही त्याच विधीसाठी रूढ होता. त्या काळच्या एखाद्या कुणबी घरातील बाईला यमूची कहाणी वाचून दाखवली असती, तर तिने हळहळ व्यक्त केली असती. पण तिच्यापुढे नवल उभे राहिले असते. आपल्यात असे नसते, असे ती म्हणाली असती. आणि तिच्या वाट्याचे कष्ट, दुष्काळ, सावकार आणि पहाटेचे दळण, ते या कादंबरीत कोठे आहे, असेही तिने विचारले असते. हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

येथे दोन नोंदी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. रूढीने पिचलेल्या विधवांना, त्यांतही ब्राह्मण विधवांना, तेथे आसरा मिळाला. आणि तेथेच जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. दुसरी नोंद १८९० सालची, म्हणजे ‘करमणूक’ निघाले त्याच वर्षाची. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. कथेत केशवपनाचा प्रसंग वाचताना वाचकाचे सारे लक्ष यमूकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ही नोंद माहीत असलेला वाचक क्षणभर वस्तरा धरलेल्या हाताकडेही पाहतो. तो हात नकार देऊ शकतो, हे त्याला आता कळलेले असते.

लेखकाचा हेतू हाही संदर्भाचाच भाग होय. यमूच्या आधी मराठीत आणखी एक यमुना होऊन गेली. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. पतीबरोबर प्रवास करताना यमुनेला ठिकठिकाणच्या विधवांची दुःस्थिती दिसते, अशी तिची रचना आहे. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हे ठाऊक असलेल्या वाचकाला कथेतील धर्मचर्चेचा रोख चटकन उमगतो. त्यामुळे विधवांची तेथे रेखाटलेली स्थिती खोटी ठरत नाही. मात्र साक्ष कोणती आणि उपदेश कोणता, हे वाचक निवडून घेऊ शकतो. साक्षीदाराचा हेतू समजला म्हणून साक्ष फेकून द्यायची नसते, ती पारखून घ्यायची असते. हे पंचायतीत निवाड्याला बसलेल्या कोणत्याही शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही.

दोन चुका

जुनी कथा वाचताना दोन चुका हमखास घडतात. पहिली, आजचा गज लावून कालचे माणूस मोजणे. यमूने न्यायालयात जावयास हवे होते, तिच्या भावाने पोलिसांना बोलवावयास हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. अशा वाचनात जुनी माणसे सारी भित्री आणि मूर्ख वाटू लागतात, आणि वाचक स्वतःवर खूश होतो. त्यातून ज्ञान मात्र काही मिळत नाही.

दुसरी चूक याच्या उलट, आणि अधिक घातक आहे. “काळच तसा होता” असे म्हणून सर्वांना एकगठ्ठा माफ करणे. संदर्भाचा अर्थ माफीपत्र, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः संदर्भ नीट अभ्यासला, की ही पळवाट प्रथम बंद होते. कारण त्याच काळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला होता. त्याच काळात रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. त्याच काळात फुले दांपत्याने आसरा दिला, रमाबाईंनी सदन काढले, कर्व्यांनी बहिष्कार सोसला, नाभिकांनी वस्तरा खाली ठेवण्याचे ठरवले. मग काळ नेमका कोणाचा म्हणावयाचा? काळ एकच असतो. त्यात माणसे निरनिराळी वागत असतात. ज्यांनी यमूचा छळ केला, त्यांच्यापुढेही दुसरा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही.

हे उमगले म्हणजे कादंबरीतील दुष्ट माणसेही नुसती कागदी राक्षसे राहत नाहीत. लोक काय म्हणतील, जात वाळीत टाकील, मुलींची लग्ने अडतील, ही त्यांची भीतीही वाचकाला दिसू लागते. भीती दिसली म्हणून अपराध धुऊन निघत नाही. परंतु तो कसा घडतो, हे समजते. आणि जो अपराध कसा घडतो हे समजते, तोच पुढे रोखता येतो.

शाळा, वाचनालय आणि चावडी

आता व्यवहाराकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ साली झाला आणि गावोगावी वाचनालयांना शासनमान्यता व अनुदानाचा मार्ग मिळाला. तेथील कपाटांत अशा जुन्या कादंबऱ्या असतात. परंतु भाषा जुनी, काळ अनोळखी, म्हणून त्या पुष्कळदा न उघडता तशाच राहतात. त्यांना वाचक मिळवून देण्यासाठी फारसा खर्च लागत नाही. पुस्तकाच्या आतल्या बाजूस ग्रंथपालाने एक चिठ्ठी चिकटवावी: कथा कोणत्या साली प्रथम आली, त्या वेळी कायदा काय होता, लेखक कोण होता, आणि दहा-बारा अनोळखी शब्दांचे अर्थ. एवढ्या चिठ्ठीनेही वाचकाला हात धरून उंबऱ्याच्या आत नेता येते.

शिक्षकाने वर्गात तीन प्रश्न विचारावेत. या प्रसंगी या माणसापुढे कोणकोणते मार्ग खरोखर खुले होते? त्याच काळात दुसऱ्या कोणी निराळा मार्ग घेतला होता काय? आणि या कथेत कोणाचा आवाज ऐकू येत नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुलांना घरातील वडीलधाऱ्या बायकांकडे धाडावे. आजीला विचारावे की तिचे लग्न कितव्या वर्षी झाले, तिला कोणी विचारले होते काय, तिची एखादी मैत्रीण मागे एकटी राहिली काय. मात्र एक पथ्य पाळावे. आधी कथा वाचू द्यावी, मग इतिहास सांगावा. इतिहासाचे ओझे आधीच डोक्यावर दिले, तर मूल कथेत शिरतच नाही; आणि यमूच्या बालपणातील खोड्यांवर जो हसला नाही, त्याला तिच्या अंताचे दुःखही पुरते कळणार नाही.

पंचायतीचा या साऱ्याशी संबंध काय? तो फार जवळचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ नयेत, असा तो ठराव. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. पुढे त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यावा, असे परिपत्रक काढले. यमूची कहाणी सुरू झाली त्याला तोवर एकशे बत्तीस वर्षे होत आली होती. केशवपन गेले, आलवण गेले. परंतु ज्या विचारातून ते आले होते तो विचार अजून निरनिराळ्या रूपांनी उरला होता, म्हणूनच त्या ठरावाची गरज पडली.

बालविवाहाचेही तसेच आहे. मुलीच्या विवाहाचे किमान वय १९२९ च्या कायद्याने चौदा वर्षे ठरले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. २००६ साली बालविवाह प्रतिबंध अधिनियम आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. म्हणजे दर पाच जणींमध्ये एकीहून अधिक. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून जो वाचक यमूच्या लग्नाचे प्रकरण उघडतो, त्याला ती जुन्या काळची गोष्ट वाटणार नाही. ज्या वर्गात ती कादंबरी वाचली जात आहे, त्याच वर्गातील एखादे बाक सुट्टीनंतर रिकामे राहिले असेल, तर त्या रिकाम्या बाकाकडे त्याचे लक्ष जाईल.

संदर्भामुळे जुनी कथा अशी दोन्ही बाजूंनी उजळते. एका बाजूने तिचा काळ दिसतो, दुसऱ्या बाजूने आपला. हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला दिलेले नाव हा एक प्रश्न आहे. १८९० सालच्या वाचकाला तो निराशेचा उद्गार वाटला असेल. आजच्या शिक्षकाने, सरपंचाने, अधिकाऱ्याने तो आपल्याला विचारलेला साधा प्रश्न समजावा. त्याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते शाळेच्या हजेरीपटावर आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावयाचे आहे.